त्याच्या दोन, माझ्या दोन

३ फेब्रुवारी, सोमवार

आज बॅटऱ्या आल्या. चार. दोन माझ्या, दोन धाकट्याच्या. पुढे घोळ नको म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो.

बॅटरीवाला आला तोच तोंडात काहीतरी कोंबून. बोलताना तुषार उडत होते आणि सकाळीच पुसलेल्या जिन्यावर पडत होते. एक थेंब माझ्या चष्म्यावर आला. शी! चष्मा साबणाने धुतला, रुमाल वेगळा टाकला. जिन्याखालच्या कोनाड्यात त्याने चारही बॅटऱ्या ओळीने मांडल्या, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला अशी साखळी जोडली आणि टोकाच्या दोन तारा इन्व्हर्टरला दिल्या. "बारा चोक अठ्ठेचाळीस," म्हणाला. तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत काढलेल्या माणसाला हा पाढे शिकवतोय.

"आता या चार नाहीत साहेब, एकच आहे असं समजा. चार्जिंग सगळ्यांना एकदम, पाणी सगळ्यांना एकदम. एक रुसली की चारही बसल्या."

"समजलं," मी म्हणालो. तो गेल्यावर खडूने मधोमध रेघ मारली. डावीकडच्या माझ्या, उजवीकडच्या त्याच्या.

वडील गेले तेव्हापासून या घरात असंच चालतं. वरचा मजला माझा, खालचा धाकट्याचा. मीटर दोन, टाक्या दोन. गच्चीवरसुद्धा रंगाचा पट्टा आहे. मी माझ्या बाजूने झाडत पट्ट्यापर्यंत येतो, धाकटा त्याच्या बाजूने येतो (आठवण झाली तर), आणि पट्ट्यावर केरकचऱ्याची एक लांब रांग साचते. केस, पिसं, कुणाची तरी वाळकी नखं. ती कुणीच उचलत नाही. मी तिकडे बघतच नाही.

वाटणी झाली नाही ती फक्त आईची. खाली मधल्या खोलीत तिची कॉट आहे. तिच्या फुप्फुसांनी केव्हाच हात टेकलेत, त्यामुळे हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आणि नाकात नळी, दिवसभर, रात्रभर. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ शब्दांत सांगितलंय: लाईट गेली तरी मशीन बंद पडता कामा नये. तेवढी सोय असेल तर घरी ठेवा, नाहीतर इस्पितळाचा मोठा वॉर्ड आहेच. आई त्या वॉर्डाचं नाव काढलं तरी डोळे मिटते. वडिलांचं तिथलं शेवटचं वर्ष तिने काढलंय. "काय वाट्टेल ते करा, पण मला तिथे टाकू नका," एवढंच म्हणाली. म्हणून हा सगळा खटाटोप.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिली परीक्षा पास. दुपारी लाईट गेली, मशीन एक क्षणही थांबलं नाही. मी मुद्दाम खाली जाऊन बघून आलो, दारातूनच. आत जायचं म्हणजे धाडस लागतं. धाकटा पाट्या रंगवतो, खालचं अंगण हाच त्याचा कारखाना, त्यामुळे अख्ख्या मजल्याला थिनरचा वास. त्यात औषधं, त्यात आईचं ते कफाचं भांडं. कॉटखाली असतं. झाकण असतं, पण झाकणाला काय अर्थ आहे, आत काय आहे ते ठाऊक असतं ना!

धाकटा आईला टेकवून बसवून पाठीवर थापट्या मारत होता. त्याच्या नखांत निळा रंग. त्याच नखांनी तिच्या हनुवटीवरचं पुसलं आणि हात पायजम्याला पुसला. 

"आत ये ना दादा," म्हणाला.

"इन्व्हर्टर बघायला आलो होतो," मी म्हणालो.

आई माझ्याकडे बघून हसली. "थोरल्या, तुझ्या मशीनचं छान चाललंय हं," म्हणाली. मशीन माझं नाही, बॅटऱ्याही निम्म्याच माझ्या. पण बरं वाटलं.

२ मार्च, रविवार

रविवार म्हणजे देखभाल. माझ्या दोन बॅटऱ्यांची टर्मिनलं पुसली, वर पेट्रोलियम जेली लावली, बाराच्या बारा बुचं उघडून हायड्रोमीटरने आतल्या द्रावणाची घनता पाहिली, डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरलं. त्यानंतर साखळीतून माझ्या दोन सोडवून घेतल्या आणि एकेक करून माझ्या छोट्या चार्जरवर टम्म फुगवल्या. संध्याकाळी परत जोडल्या. तेवढा वेळ इन्व्हर्टर बंद होता, पण रविवारी लाईट सहसा जात नाही आणि गेलीही नाही.

ही म्हणाली, "अहो, सोडवायच्या कशाला? चारही एकत्र चार्ज होतातच की."

मी समजावून सांगितलं. मोठा चार्जर फक्त चारांची बेरीज बघतो. बेरीज भरली की त्याला वाटतं झालं, तो हात आखडता घेतो. आतली कोण तुडुंब आणि कोण अर्धपोटी, त्याला काही कळत नाही. तेव्हा निदान माझ्या तरी तुडुंब असाव्यात.

"मग भावजींच्या अर्धपोटीच राहणार ना?"

"त्याने बघावं."

हिने नाक मुरडलं आणि आत गेली. बायकांना तत्त्व कळत नाही. एकदा त्याच्या दोन बघायला लागलो की मग त्याचा नळ, त्याची गटारं, त्याची उधळमाधळ सगळं माझ्याच गळ्यात. तीस वर्षं विद्यार्थ्यांच्या परीक्षानळ्या घासल्या. घरी मी कुणाचं घासणार नाही.

त्याच्या बॅटऱ्यांकडे मात्र बघवेना. टर्मिनलांवर पांढरट हिरवा बुरा फुटलाय, ओल्या भिंतीला फुटतो तसा, आणि शेजारी रंगाचा ब्रश पडलेला, केस चिकटलेले. ओकारी यायची बाकी होती.

२७ मार्च, गुरुवार

उन्हाळा लागला. लाईट आता रोज जाते, कधी दोनदा.

सकाळी धाकटा जिन्यातून हाका मारत होता. वर येत नाही, वरचा मजला माझा म्हणून. एवढं तरी त्याला कळतं.

"दादा, तुझ्या कॅनमधलं थोडं पाणी माझ्या दोघींना ओतशील का? आईला रात्री तीनदा धाप लागली, आज तिला सोडून दुकानापर्यंत जाता येणार नाही."

"दुकान रात्री आठपर्यंत उघडं असतं," मी म्हणालो.

तो खाली उभा राहून बघत राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल. हल्ली झोपतो कधी कोण जाणे. त्याचं मुळी कशाचंच वेळापत्रक नाही. "बरं," म्हणाला आणि गेला. भांडला असता तर मला दोन शब्द सुनवता आले असते. हा भांडतही नाही, नुसता गोगलगाईसारखा ओला होऊन सरपटत राहतो. डोक्यात जातो माझ्या.

पाणी त्याने आणलं नाही. मी संध्याकाळी पाहिलं.

१४ एप्रिल, सोमवार

लिहायला किळस येते तरी लिहितो. दोन दिवस खालून घाण वास येतोय. सडकी अंडी. जिन्यात पाय ठेवला की भपकारा. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. हिने उदबत्त्या लावल्या, तर आता उदबत्तीत शिजलेली सडकी अंडी.

शेवटी मी दारात जाऊन सांगितलंच. "धाकट्या, आईचं नीट बघ जरा. वरपर्यंत वास येतोय."

आई जागी होती. मला वाटलं झोपलीय. तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि विचारलं, "माझा येतोय का रे?"

 "तसं नाही," म्हणालो. पण म्हणायच्या आधी थांबलो थोडा.

धाकट्याने तिला परत आंघोळ घातली. सकाळी घातलेली असताना परत. गाद्या उन्हात काढल्या, फरशी फिनाईलने पुसली. संध्याकाळी वास होताच. मग आई स्वतःच म्हणाली, मला अजून एकदा पुसून घे. खालून तिचा खोकला ऐकू येत होता. ओल्या अंगाने तिला थंडी भरते, हे त्याला कळायला नको?

१६ एप्रिल, बुधवार

वास बॅटरीचा आहे. त्याच्या, डावीकडून तीन नंबरच्या.

हायड्रोजन सल्फाइड. तीस वर्षं ज्या वायूने आमची प्रयोगशाळा घाणवली, तो मला माझ्याच घरात ओळखता आला नाही. बॅटरीजवळ नाक नेलं तेव्हा लक्षात आलं. बॅटरीला हात लावला तर चटकाच बसला. आतली एखादी पेटी, म्हणजे सेल, मेली असणार, चार्जरकडून मिळेल ते नुसतं उकळून बाहेर फेकतेय. हे व्हायचंच होतं. रोज अर्धपोटी चार्ज आणि रोज तळापर्यंत उपसा, दुसरं काय होणार?

धाकट्याला सांगितलं. "तीन नंबर खराब होतेय. तुझी आहे."

"म्हणजे तो वास..." त्याने आईच्या खोलीकडे पाहिलं.

"हो, त्याचाच."

"मग आईला सांगून ये ना दादा. दोन दिवस नीट जेवली नाही ती. माझ्या अंगाला वास येतो म्हणते, कुणाला जवळ येऊ देत नाही."

"तू सांग. तू आहेसच आत."

"माझं सांगून झालं. तिला वाटतं मी समजूत घालतोय. तू सांगितलंस तर पटेल."

मी म्हणालो, बघतो. खाली गेलोही होतो. पण नेमकं तेव्हा ते भांडं बाहेर होतं, उघडं. परत फिरलो. उद्या सांगीन.

२७ एप्रिल, रविवार

माझ्या दोन उत्तम. द्रावणाची घनता अगदी पुस्तकातली.

त्याच्या दोघींची बुचं मी सहसा उघडत नाही, आज उघडली. आत वाकून पाहिलं तर प्लेटा उघड्या पडलेल्या, पाण्याच्या वर, सुकलेल्या हिरड्यांसारख्या. तीन नंबरमध्ये तर तळाला काळपट चिखल.  माझ्या हातात माझा कॅन होता, निम्मा भरलेला. ओतायला किती वेळ लागला असता?

नाही ओतलं. बुचं लावली. कागदावर मोठ्या अक्षरात "पाणी भरणे" लिहून त्याच्या बॅटरीवर चिकटवलं. याहून जास्त करणं म्हणजे त्याला लाडावणं.

ही वरून बघत होती.  जेवताना ताट आपटलं.

आईला अजून सांगितलं नाही. आता इतक्या दिवसांनी सांगणं विचित्र दिसेल. वासही जरा कमी झालाय. बहुतेक उकळायला आत काही उरलंच नसावं.

६ मे, मंगळवार

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पंधरवड्याला येतात. आईची नाडी, बोटाला लावायचा चिमटा, सगळं झालं. मी व्हरांड्यात उभा होतो. बाहेर येऊन म्हणाल्या, "नेटाने सांभाळताय हं. मला वाटलं नव्हतं घरी इतकं निभेल. बॅकअप नीट चालतोय ना?"

"हो," मी म्हणालो. "इन्व्हर्टर फुल्ल दाखवतो." आणि खरंच दाखवत होता. हिरवा दिवा, चार कांड्या. यात माझं खोटं काय? चार्जरला बेरीज दिसते, मला दिवा दिसतो.

धाकटा काही बोलायला तोंड उघडत होता, पण आईने हाक मारली तसा आत पळाला. त्याच्या शर्टावर खांद्यापाशी वाळलेला डाग होता. कसला ते मी विचारणार नाही. बाईंनी मात्र त्याच खांद्यावर हात ठेवून त्याला "शाबास" म्हटलं. 

१३ मे, मंगळवार

 जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी धाकटा जिन्यात आला. "दादा, आज जातोच आणि पाणी घेऊन येतो. तुझी चिठ्ठी रोज बघतो, रोज राहतं. तेवढा वेळ आईपाशी बसशील? लागलंच तर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आहे कोपऱ्यात, चावी त्याच्यावरच आहे."

ही माहेरी गेलेली. नाही म्हणता येईना. मी खुर्ची दारात घेतली, नाकाला रुमाल लावला आणि पेपर वाचत बसलो. आई पडून होती. म्हणाली, "पंख्याखाली ये की, उकडत असेल तुला." मी म्हणालो, "इथे बरंय."

मग लाईट गेली.

मशीन चालू राहिलं. मी पेपरचं पान उलटलं. तेवढ्यात जिन्याखालून इन्व्हर्टरची शिट्टी सुरू झाली, आधी तुटक, मग सलग. मग गप्प. आणि मशीनही गप्प. त्या मशीनची घरघर इतके महिने कानात होती, की ती थांबल्यावर घरच थांबल्यासारखं वाटलं.

मी उठलो. आणि जिन्याखाली गेलो.

व्होल्ट मोजायचा मीटर वरून आणला आधी. वर गेलो, कपाटातून मीटर काढला, टॉर्च घेतला, खाली आलो. खाली वाकून एकेकीला मीटर लावला. एक नंबर, बारा पूर्णांक सात. दोन नंबर, बारा पूर्णांक सात. चार नंबर बाराच्या जराशी खाली. तीन नंबर पाचसुद्धा नाही. अख्ख्या साखळीला तिनेच खाली ओढलं होतं. मी परत एकदा लावून बघितला. खात्री करून घेतली.

आणि मला आनंद झाला. लपवून काय उपयोग, इथे कोण वाचणार आहे. झाला आनंद. महिनोन्महिने जे म्हणत होतो ते आता आकड्यात समोर होतं. मी तिथूनच ओरडून आईला सांगितलं, "आई, त्याची गेली बघ, तीन नंबर! माझ्या दोन ठणठणीत आहेत!"

तिने ओ दिली नाही.

खोलीत गेलो तर ती अर्धी उठून कॉटच्या कडेला लोंबत होती, तोंड उघडं, ओठ जांभळे. मी तिला काखेत हात घालून वर घेतलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा धरलं मी तिला. काहीच वजन नव्हतं. तेवढ्यात ती खोकली आणि ते सगळं माझ्या हातावर आलं, मनगटापासून बोटांपर्यंत, गरम आणि दोरीसारखं. माझा हात आपोआप मागे आला. मी मागे घेतला नाही, तो आला. ती उशीवर पडली. मी हात पडद्याला पुसत होतो, पुसतच होतो, आणि सिलिंडर कोपऱ्यात होता हे मला दिसत होतं.

धाकटा दारात आला तेव्हा मी पडदा हातात धरून उभा होतो. त्याने हातातला पाण्याचा कॅन तिथेच टाकला, सिलिंडर फरफटत आणला, चावी फिरवली, नळी तिच्या नाकाला लावली, मग तिच्या मागे चढून बसून तिला आपल्या छातीशी टेकवून घेतलं. "आई, हळू. हळू घे. मी आहे." त्याचा सगळा शर्ट भरला. त्याचं त्याला भानही नव्हतं.

मग शेजाऱ्यांची गाडी. मग इस्पितळ. मोठा वॉर्ड.

१४ मे, बुधवार

आई वाचली. शुद्ध आहे, मास्क आहे. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. आता घर नाही, म्हणाल्या. मेंदूला थोडा वेळ हवा मिळाली नाही, पुन्हा असं झालं तर मी जबाबदारी घेणार नाही. ती इथेच राहील. शेवटपर्यंत, हे त्या बोलल्या नाहीत, पण तसंच.

मग धाकट्याला विचारलं, "मशीन बंद पडल्यावर किती वेळाने सिलिंडर लावला?"

धाकटा म्हणाला, "मी नव्हतो. दादा होता."

एवढंच. पुढे एक अक्षर नाही. त्याने सांगायला हवं होतं की मी पडद्याला हात पुसत होतो. मी वाट बघत होतो त्याने सांगायची. मग मीच म्हणालो, "त्याच्या बॅटरीत पाणी नव्हतं."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, आमच्या प्रयोगशाळेत कुणी भांडं फोडून दुसऱ्यावर ढकललं की मी जसा बघायचो तसं.

"अहो, बॅटरी कुणाची का असेना," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

१७ मे, शनिवार

ही माहेरून आली ती तडक वॉर्डात. आईचे केस विंचरून आली. माझ्याशी बोलत नाही. आज बोलली ते एवढंच, "एक तांब्या पाणी ओतायचं होतं हो."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तत्त्व होतं, वाटणी होती, चिठ्ठीसुद्धा लावली होती, सगळं तयार होतं. पण ते तोंडातच कुजल्यासारखं लागलं. 

जिन्याखाली गेलो होतो. धाकट्याने टाकलेला तो कॅन अजून आईच्या दारात आडवा पडलाय, पाणी सांडून वाळून गेलंय. बॅटरीवाल्याला बोलावलं. आला, बुच उघडलं, बघितलं, म्हणाला ही संपली, आणि एक नवी टाकून बाकीच्या जुन्यांबरोबर जोडली तर तीही जाईल. बदलायच्या तर चारही. मी म्हणालो, बदलू. चारही. पैसे मी देतो.

"आजी कधी येतायत घरी?" त्याने विचारलं.

मी सांगितलं नाही. त्याला परत पाठवलं. यावेळी त्याचे तुषार पडले का, ते मी बघितलंही नाही.

२१ मे, बुधवार

धाकटा आज पहिल्यांदा घरी झोपायला गेला. आईनेच पाठवलं. मास्क बाजूला करून म्हणाली, "थोरला बसेल आज." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

वॉर्डात ओळीने कॉटी. प्रत्येक कॉटखाली एक भांडं. मला वाटायचं एका भांड्याची सवय होणार नाही, इथे वीस आहेत. शेजारचा म्हातारा दिवसभर कण्हतो आणि त्याचं अंथरूण कुणी वेळेवर बदलत नाही. वडील इथे वर्षभर होते. मी रविवारी यायचो, दारापर्यंत.

आईला खोकला आला. मी भांडं धरलं. चुकवलं, निम्मं माझ्या हातावर आलं. हात तिथेच ठेवला. शिसारी आली, डोळ्यांत पाणी आलं, पण ठेवला. ती बघत होती.

"धुऊन ये," म्हणाली.

"राहू दे. नंतर धुईन."

 तिने मास्क परत बाजूला केला. नर्सने सांगितलंय काढू द्यायचा नाही, मी परत लावायला गेलो तर तिने माझं बोट धरून ठेवलं.

"त्या दिवशी तो वास," म्हणाली, "माझा नव्हता ना?"

"नाही आई. बॅटरीचा होता. मला माहीत होतं, सांगायचं राहिलं."

"बरं झालं. मला उगीच वाटत होतं."  मग म्हणाली, "आणि लाईट गेली तेव्हा कुठे होतास रे? मी हाक मारत होते."

हाक मला ऐकू आली नव्हती. मी बोललो ना तिथून, माझाच आवाज मोठा होता. म्हणालो, "जिन्याखाली. बॅटरी बघत होतो."

"कुणाची बिघडली?"

"धाकट्याची," मी म्हणालो. 

"आणि तुझ्या? तुझ्या बऱ्या आहेत ना?"

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. मनापासून शोधला. टोमणा असता तर मी त्याला धरून तगलो असतो. पण नव्हता. आम्ही दोघे लहानपणी मारामारी करून घरी यायचो, तेव्हा ती धाकट्याच्या गुडघ्याला हळद लावता लावता मान वळवून मला विचारायची, तुला नाही ना लागलं? तसंच विचारलं तिने. मशीन बंद पडून तिचा श्वास गेला, नको त्या वॉर्डात येऊन पडली, आणि तिला काळजी होती की माझं तर काही बिघडलं नाही.

"बऱ्या आहेत आई," मी म्हणालो.

"मग झालं तर," म्हणाली, आणि मास्क स्वतःच लावून घेतला.

थोड्या वेळाने तिला झोप लागली. मी हात धुवायला बाहेर गेलो. बेसिनवर साबण होता, पाणी होतं, हात केव्हाच स्वच्छ झाला. मग वर आरशात पाहिलं आणि मला भडभडून ओकारी आली.